भिंतीला न लागलेले कागद

आमच्या स्वयंपाकाच्या खिडकीतून लोक आत डोकावतात, याची आता सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. असल्या गोष्टीची सवय होत नाही. मी गाऊनवर कणीक तिंबत असते, आणि खिडकीच्या जाळीला नाक लावून एक अख्खं कुटुंब उभं असतं. त्यातली बाई हमखास विचारते, "हे पण संग्रहालयातच येतं का?" एकदा वैतागून मी म्हणाले, "हो, मीसुद्धा." त्यांनी माझा फोटो काढला, थँक्यू म्हणाले आणि पुढे गेले. टोमणा असा वाया गेला की मला दिवसभर चैन पडलं नाही.

हातकागदाच्या संग्रहालयाच्या आवारात, सगळ्यात मागे आमची खोली आहे. तिथे मी आणि माझे सासरे राहतो. यजमान ट्रकवर असतात, आज गुजरात तर उद्या तेलंगण. मुलगी अकोल्याला शिकते. ती सुट्टीत येते तेव्हा खिडकीला आतून ओढणी बांधते, आणि ती गेली की मी ती सोडते, कारण ओढणी बांधली की स्वयंपाक करताना जीव गुदमरतो.

पूर्वी इथे संग्रहालय नव्हतं, हातकागदाचं केंद्र होतं. संग्रामपूरहून सातपुड्याकडे निघालं की पायथ्याशी. खालच्या बाजूला सगळा खारपाणपट्टा, तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही तर कागद काय होणार! इथे डोंगरातलं पाणी गोड, म्हणून कुणीतरी विचार करून केंद्र इथे काढलं. शिंप्याकडची कातरण, जुन्या चिंध्या, अंबाडीचा वाख, सगळं भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा. तो हौदातल्या पाण्यात सोडायचा. लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकलेला साचा त्यात बुडवून आडवा वर उचलायचा आणि उचलता उचलता हलवायचा. पाणी गळून जातं आणि जाळीवर जो पातळ थर राहतो तो कागद. सांगायला एवढंच आहे. करायला बसलं की कळतं.

सासरे या केंद्रात उचलायच्या कामावर होते. हौदाशी उभं राहायचं काम पुरुषांचं. बायका चिंध्या निवडायच्या, वाळलेला कागद सोडवायच्या, पण साच्याला हात लावायच्या नाहीत. कुठे तसा नियम लिहिलेला नव्हता, सगळेच पाळत होते म्हणून पाळला जात होता. मी देऊळगाव राजाची. नवी नवी आले तेव्हा इथल्यासारखं 'मले', 'तुले' न म्हणता 'मला', 'तुला' म्हणायचे म्हणून चिंध्या निवडणाऱ्या बायका मला 'जालन्याची मॅडम' म्हणायच्या. पुढे केंद्राला उतरती कळा लागली, उचलणारे एकेक करून सूतगिरणीत नाहीतर पुण्याकडे गेले. मग एक दिवस सासऱ्यांनी मला चिंध्यांतून उठवलं आणि हौदाशी उभं केलं. बाकीचे कुजबुजले. सासरे म्हणाले, "हातात काय बाई अन् काय मानूस? हात तं हात हाय."

आता सासऱ्याने सुनेचा हात धरून कसं शिकवायचं? ते आमच्यात शोभलं नसतं. म्हणून ते हौदाच्या पलीकडे माझ्यासमोर उभे राहायचे आणि रिकाम्या हातांनी हवेतच साचा बुडवायचे, उचलायचे, हलवायचे. मी इकडे खरा साचा घेऊन त्यांची नक्कल करायची. समोरासमोर उभं राहून शिकल्यामुळे माझं सगळं उलटं बसलं. त्यांचा साचा आधी उजवीकडे झुकायचा, माझा डावीकडे झुकतो. ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली तोवर माझे हात पक्के झाले होते. सासरे खूप हसले. म्हणाले, "राहू दे. कागदाले काय कळते डावं-उजवं."

एक गोष्ट मात्र त्यांनी हसत शिकवली नाही. उचलताना थर जाड-पातळ झाला, किंवा हाताचा थेंब पडून मधे खळगा पडला, तर साचा उलटा करून तो कागद लगेच हौदात परत टाकायचा. त्याला 'बाद' म्हणत. बाद म्हणजे उचलणाऱ्याने आपल्या चुकीची स्वतःच्या हाताने दिलेली कबुली. ओला थर पाण्यात पडल्याचा तो आवाज झाला की सगळा हॉल मान वर करून बघायचा. चांगला उतरला तर तो कापडावर उलटायचा, अशा कागदांच्या थराला दाबाखाली ठेवायचं, आणि मग चुन्याने घोटून गुळगुळीत केलेल्या लांब भिंतीवर एकेक कागद कुंचल्याने लावायचा, सुकायला. "भितीले लागला तो कागद," सासरे म्हणायचे. "तोवर नुसता काला."

केंद्र बंद पडलं. दोन पावसाळे कुलूप होतं. मग एका संस्थेने ती जागा घेतली आणि संग्रहालय केलं. सुकवायची भिंत एकदम ऐतिहासिक झाली, तिच्यासमोर लाल दोरी आली. दाबाच्या यंत्राला काळा रंग देऊन ते दाराशी उभं केलं. सासऱ्यांचा साचा काचेच्या पेटीत गेला, त्याच्यावर पिवळा दिवा लागला. हौद तेवढा चालू ठेवला, कारण लोकांना काहीतरी हलताना बघायला आवडतं. ते हलणारं काहीतरी म्हणजे मी. पगार आणि मागची खोली. खोली नोकरीबरोबर, नोकरी गेली की खोली गेली.

तेव्हापासून मी रोज कागद उचलते. शाळांच्या सहली येतात, शेगावहून परतणाऱ्या गाड्या येतात. मी साचा बुडवते, उचलते, लोक 'अरे वा' म्हणतात, एखादी बाई बांगड्या मागे सारून स्वतः करून बघते आणि पदर भिजवून घेते. मी कागद कापडावर उतरवते. लोक निघून जातात. मग मी ती कापडं एकेक करून उचलते आणि सगळे कागद हौदात झटकते. वरून काठीने ढवळते. झालं, पुन्हा लगदा. दुसऱ्या दिवशी तेच. सुकवणार कुठे? भिंत दोरीपलीकडे, दाब दाराशी. पहिल्या आठवड्यात मी व्यवस्थापक साहेबांना विचारलं होतं. ते तरुण आहेत, पुण्याचे, स्वभावाने वाईट नाहीत. म्हणाले, "ताई, कागदापेक्षा अनुभव महत्त्वाचा." दुकानात विकायला हातकागद लागतो तो ते बाहेरून मागवतात. तो एकसारखा कापलेला येतो, पाकिटात.

तोच लगदा पुन्हा पुन्हा उचलला की त्यातलं बळ जातं. तंतू आखूड होतात, पाण्याला वास मारायला लागतो. मग साहेब नवीन लगदा मागवतात आणि मी तोही तसाच शिळा करते. सुरुवातीला झटकण्याआधी मी प्रत्येक कागद एकदा नीट बघून घ्यायचे. नंतर हात आपोआप चालायला लागले. वर्षानुवर्षं मी रोज माझे सगळे कागद बाद करत आले आहे. कुणी मान वर करून बघत नाही.

हे सासऱ्यांना माहीत नव्हतं. आपला साचा पेटीत टांगला हे कळल्यापासून ते हॉलमध्ये पाऊल टाकत नव्हते. "जित्या मानसाचा हात तोडून टांगला," म्हणायचे. गुडघे धरलेले, डोळ्यांत पडदा आलेला. दिवसभर खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आणि मी कामावरून आले की पहिला प्रश्न, "आज कसे काढले?"

"चांगले."

"लावले भितीले?"

पहिल्याच दिवशी त्यांनी हे विचारलं, तेव्हा मी 'हो' म्हणाले. दमले होते, आणि त्यांचा चेहरा असा वर उचललेला होता की दुसरं काही तोंडातून निघेना. एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नाही कसं म्हणणार? मग तो हो अंगवळणी पडला. एकदा दुकानातला एक कागद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने त्याच्या कडा चाचपल्या, कानाशी धरून वाजवला. "खळ जास्त झाली," म्हणाले, "पण हात सुदरला तुहा." मी आत जाऊन गॅसवर भाजी परतली. रडायला आलं नाही, रागच आला, कुणाचा ते मात्र कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात देऊळगाव राजाहून माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. तिथे मुलींचं एक वसतिगृह आहे, त्याच्या स्वयंपाकघरावर देखरेखीला बाई हवी होती. राहायला दोन खोल्या, स्वतंत्र दार, मागे न्हाणी. "दोघं या," ती म्हणाली. "रविवारपर्यंत सांग, मग थांबणार नाहीत ते." मला त्या दोन खोल्या ऐकताक्षणी दिसायला लागल्या. खिडक्या दिसल्या. त्या खिडक्यांतून मीच बाहेर बघत होते, मला कुणी बघत नव्हतं. इतका साधा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सासऱ्यांना सांगितलं.

"तिथं काय कराचं तू?"

"स्वैपाकाचं पाहाचं. पोरींचं जेवन-खावन."

"पोया लाटशीन?"

"लाटनाऱ्या बाया हायत मामाजी. मले फक्त लक्ष ठेवाचं."

"असा हात," ते म्हणाले, "अन् कनकीत घालशीन?"

"हात माहाच हाय नं?" मी जरा चढ्या आवाजात बोलले.

"हाव. तुहाच हाय." आणि मग तोंड फिरवून, "तुले जाचं असन तं जाय. मी इथंच राहीन."

इथं म्हणजे कुठं? मी गेले की खोली जाणार, हे त्यांना मी कितीदा सांगितलं होतं. त्यांना ते खरं वाटत नसे. त्यांच्या दृष्टीने खोली त्यांची होती, हौद त्यांचा होता, संस्था आली काय नि गेली काय. आणि गुडघे धरलेल्या, डोळ्यांनी अधू माणसाला मागे टाकून मी जाणार होते थोडीच! मी यजमानांना फोन लावला. मागे हॉर्न वाजत होते. "बाबाले इचार," ते म्हणाले. मी म्हटलं, बाबालाच विचारलं, बाबा नाही म्हणतात. "मंग बाबा म्हनते तसं कर." असा नवरा असला की भांडायलाही दुसरं माणूस शोधावं लागतं.

त्याच आठवड्यात साहेब आमच्या खोलीवर आले. हातात मोजायची टेप. त्यांनी फार अदबीने सांगितलं की संस्थेने 'कागदकाराचं घर' नावाचं नवं दालन करायचं ठरवलं आहे, आणि त्यासाठी आमचीच खोली निवडली आहे. आम्ही इथेच राहायचं, काळजी नको. फक्त संग्रहालयाच्या वेळात खोली जुन्या काळासारखी दिसायला हवी. म्हणजे गॅस पडद्यामागे, टीव्ही आणि फ्रिज गोदामात, कोपऱ्यात एक चूल. "आणि काका धोतर-फेट्यात बसले तर फारच छान," साहेब म्हणाले. मग भिंतीकडे बघून जरा घुटमळले. आमच्याकडे प्रत्येक घरात असतात ते दोन फोटो आमच्याही भिंतीवर आहेत, निळ्या कडेचे. "हे तेवढ्यापुरते आत ठेवले तर? विषयाशी जुळत नाहीत म्हणून म्हणतो."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी मनात म्हटलं, आता बघा. आता म्हातारा भडकेल, काठी आपटेल, 'चाल व बाई, बांध सामान' म्हणेल, आणि रविवारच्या आत आपण देऊळगावच्या गाडीत बसलेलो असू. साहेबांविषयी मला इतकं प्रेम कधीच वाटलं नव्हतं.

सासरे म्हणाले, "टीवी न्या. गॅस झाका. चूल मांडाची तं मांडा, फुकाचा धूर करू नोका, मले खोकला हाय. धोतर मी नेसत नाई. माह्या बापानं सोडलं, काऊन सोडलं ते तुमच्या बोर्डावर लेहाचं असन तं लेहा. मी कागद पँटीवरच काढला. अन् ते फोटो हालनार नाईत. फोटो हालले तं मी हाललो."

साहेबांचा चेहरा उतरला. पण ऐकलं त्यांनी. "बरोबर आहे काका," म्हणाले, "फोटो राहतील. चूकच झाली माझी." आणि टेप गुंडाळून गेले. सासरे खुर्चीत मागे टेकले, जिंकल्यासारखे.

"राह्यचं मंग इथंच?" मी विचारलं.

"हौदावर तू हायस नं," ते म्हणाले. "मंग खोलीचं काय घेऊन बसली? दाखवू दे त्याले काय दाखवाचं ते."

मी ऐकलं ते असं: मला माझा हौद सोडवत नाही, तुझं काय व्हायचं ते होवो. त्या रात्री मी त्यांना जेवायला वाढलं आणि माझं ताट घेऊन त्यांच्याकडे पाठ करून बसले. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट समजून घ्यावा असं सगळे म्हणतात. जे म्हणतात त्यांची खिडकी कुणी बघत नसतं.

दालनाचं उद्घाटन रविवारीच होतं. सकाळी कामगार दारावर पाटी ठोकत होते तेव्हा मी आवाराच्या फाटकाबाहेर जाऊन बहिणीला फोन केला. आतून करायची हिंमत नव्हती. "नाही जमत गं," म्हटलं. ती म्हणाली, "नक्की? नंतर हळहळू नको. दुसरी एक बाई रांगेत आहे, धामणगाव बढ्याची." मी म्हटलं, नक्की. फोन ठेवून थोडा वेळ तिथेच उभी राहिले. समोरून टुनकीकडे जाणारी गाडी गेली. मग आत येऊन साचा धुतला, कारण पाहुण्यांसाठी प्रात्यक्षिक होतं.

पाहुणे दुपारी आले. आधी हॉल, मग आमची खोली, असा क्रम होता. मी हौदाशी उभी राहिले होते, आणि मागच्या दारातून काठी टेकत सासरे आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पँट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझ्या हातातला साचा तसाच राहिला. साहेबांनीच त्यांना आणलं होतं. पाहुण्यांना 'मूळ कारागीर' दाखवायचा होता. मुख्य पाहुण्यांनी हात जोडून विचारलं, "काका, एक कागद काढून दाखवाल का?"

मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि साचा माझ्या हातून घेतला. बोटांनी जाळी चाचपली, चौकटीचे कोपरे चाचपले. मग हौदावर वाकले. हात कापत होते, ते सगळ्यांना दिसत होतं, एक मुलगी मोबाइल वर धरून हळूच 'अय्यो' म्हणाली. पण साचा पाण्यात गेला आणि हात कापायचे थांबले. एकच उचल. उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे. पाणी धारेने गळून गेलं. जाळीवर जो थर राहिला तो इतका सारखा होता की मी आजवर तसा उचलला नाही आणि उचलणारही नाही. त्यांना तो दिसत नव्हता. त्यांनी साचा कानाजवळ नेला, थेंब गळायचे थांबले तसे हसले. मी कापड पसरलं, त्यांनी साचा उलटवला, कागद उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला. इतका अभिमान वाटला की वाटलं, बरं झालं फोन केला ते, बरं झालं राहिलो.

साहेब पाहुण्यांना घेऊन मागच्या दाराने आमच्या खोलीकडे गेले. हॉल रिकामा झाला. सासरे हौदाशेजारच्या स्टुलावर टेकले होते, धाप लागली होती, चेहरा मात्र फुललेला. मी म्हटलं, पाणी देते. आणि पाणी द्यायला वळण्याआधी, लोक गेल्यावर जे रोज करते ते माझ्या हातांनी केलं. कापडाची दोन टोकं धरली, उचललं, हौदावर झटकलं. काठी घेतली आणि ढवळलं.

तो आवाज त्यांना डोळ्यांशिवाय ओळखता येत होता.

"काय केलं?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातात रिकामं कापड होतं. हौदात पाणी दुधासारखं हललं आणि थांबलं.

"बाद केला?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. लहान मुलाने मास्तरांना विचारावं तसं विचारलं. "कुठी चुकला? थेंब पडला काय?"

"नाई मामाजी. चांगला होता. लय चांगला होता."

"मंग?"

"हात गेला माहा. सवयीनं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे एकेक गोष्ट कळत गेलेली मला दिसली.

"सवयीनं," ते म्हणाले. "म्हंजे रोज?"

"हो."

"तुहे बी?"

"हो."

"सगळे?"

"सगळेच. भिंतीले दोरी लावली हाय. एक बी कागद लागला नाई मामाजी. म्युझियम झालं तवापासून एक बी नाई."

"अन् तो मले देला तो?"

"दुकानातला. बाहीरचा."

मी रडत होते. आता सगळं बोलून टाकलं तर एकदाचे रागावतील, काठी उगारतील, काहीतरी करतील असं वाटत होतं. त्यांनी काही केलं नाही. ओले हात पँटीला पुसले.

"मंग तू काऊन राह्यली इथं?" त्यांनी विचारलं. "देऊळगावचं चांगलं काम होतं."

"तुमच्यासाठी राह्यली. तुमाले हौद सोडवत नाई म्हनून."

"मले?" ते म्हणाले. "मले काय कराचा हौद? मी त्याच्याकडं पाह्यलं तरी काय? मी तुह्यासाठी राह्यलो बाई. मले वाटे, पोरगी एवढं शिकली, तिचे कागद भितीले लागतात, अन् ते सोडून ती माह्यासाठी, म्हाताऱ्याले बरी खोली भेटावी म्हनून, कनिक तिंबत बसन. म्हनून अडून बसलो." ते उठायला लागले. "चाल. बांध सामान. तुह्या बहिनीले फोन कर, उद्या येतो म्हनाव."

मी त्यांना सांगितलं नाही, की सकाळीच नाही म्हणाले आहे. फोन लावला. तिथेच, हौदाला टेकून. बहिणीने उचलला आणि मी बोलायच्या आधीच म्हणाली, "त्या बाईला सांगून टाकलं गं. सामान घेऊन आली पण ती." मी हूं म्हटलं. फोन ठेवला.

सासरे काठी घेऊन वाट बघत उभे होते. फोनमधून आवाज बाहेर येत होता, त्यांनी ऐकलंच असेल, कारण त्यांनी काही विचारलं नाही. काठीने चाचपत पुन्हा स्टूल शोधलं आणि बसले. मी हौदाच्या काठावर बसले. त्यांना थकवा आला होता, आडवं व्हायचं होतं, मलाही दार लावून मोकळं रडायचं होतं. पण मागून पाहुण्यांचे आवाज येत होते, चुलीविषयी कुणीतरी काही विचारत होतं, साहेब उत्तर देत होते. ते सगळे आमचं घर बघत होते, त्यामुळे आम्हाला घरी जाता येत नव्हतं.